पूनमच्या माश्या

माझे वडील गुळव्या, उसाचा रस कढवून गूळ उतरवणारे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. कडेगाव तालुक्यातल्या कितीतरी गुऱ्हाळांच्या काहिलींवर आण्णा उभे राहिले, पण त्यातली एकही काहील आमची नव्हती. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत काम असायचं. मग मालक म्हणायचे, "आता हंगामालाच या." पावसाळाभर आई लोकांच्या उसात तण भांगलायला जायची आणि आम्ही तिघी बहिणी तिची वाट बघत दारात बसायचो. भाकरीबरोबर कालवण नसलं की आई हातावर काळ्या गुळाचा खडा ठेवायची. काळा म्हणजे रंग बिघडलेला, व्यापाऱ्यानं नाकारलेला. आण्णांचा पिवळाधमक 'एक नंबर' गूळ तालुक्यात नावाजलेला होता, पण तो आमच्या ताटात कधी आला नाही. पिवळा गूळ लोकांचा आणि काळा आमचा, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं होतं.

हंगामात आम्ही गुऱ्हाळाशेजारीच छप्पर घालून राहायचो. चुलवाणाच्या उबेला बसून मी अभ्यास केला. माझ्या सगळ्या पुस्तकांना चिपाडांच्या धुराचा वास होता. बारावीला मी केंद्रात पहिली आले तेव्हा मालकीणबाई आईला म्हणाल्या, "आता बास झालं की गं, किती शिकिवतीस?" आण्णा पावसाळ्यासाठी घर शाकारता शाकारता म्हणाले, "ती शिकंल तितकं शिकू द्या." एवढंच. मी पत्र्याची पेटी घेऊन साताऱ्याला आले आणि बी.एस्सी.ला प्रवेश घेतला.

हे आधी सांगितलं, कारण पूनमबद्दल लिहायचं तर माझा हेवा कुठून आला ते कळलं पाहिजे. सरळच सांगते. तीन वर्षं मी पूनमवर जळत होते.

पहिल्याच दिवशी वनस्पतिशास्त्राच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसायला गेले, तर तिथं एक मुलगी हाताची उशी करून झोपलेली. उंच, सावळी, तेल चोपडलेली लांब वेणी आणि अंगात भावाचा असावा असा ढगळ स्वेटर. डाव्या तळव्यावर बॉलपेननं आकडे लिहिलेले. सर आले, शिकवायला लागले, तरी ही झोपलेलीच. सर म्हणाले, "लाजाळूचं रोप संध्याकाळी पानं मिटून झोपतं." मी वहीत लिहिलं, 'झोपते', आणि खाली पट्टीनं रेघ मारली. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"सर, झोपतंय हे कशावरनं म्हणायचं?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "तुझ्यावरून म्हणायचं का?"

वर्ग आणखी हसला. पूनमही हसली, पण प्रश्न सोडला नाही. "तसं न्हवं सर. पानं मिटत्यात ते दिसतंय. पर झोपलंय म्हणायला काय पुरावा हाय?" सर थांबले, खडू ठेवला आणि पुढचा अर्धा तास पानाच्या देठातल्या पाण्याबद्दल असे रंगून बोलले की तास संपल्याचंही त्यांना कळलं नाही. जाताना तिला म्हणाले, "नाव काय तुझं?" माझं नाव त्यांनी पुढं पहिल्या परीक्षेचा निकाल लागल्यावर विचारलं.

'कशावरनं' हा तिचा शब्द होता. मेसमधल्या मावशी म्हणाल्या, आज भाजी ताजी आहे, की ही विचारणार, "कशावरनं मावशी?" कुणी म्हणालं, अमकीचं तमक्याशी चालू आहे, की "कशावरनं म्हणतीस?" आणि तिला काही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बघून सांगते." खरंच बघायला जायची. एकदा मी सहज म्हणाले होते, वसतिगृहाच्या पायऱ्या फार आहेत. ही खाली उतरून मोजून वर आली आणि आकडा तळव्यावर लिहिला. मी म्हटलं, "काय उपयोग?" तर म्हणाली, "आता फार हायत का न्हाई ते बोलाय येतंय."

ती पाटणच्या वरच्या अंगाच्या गावातली. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, घरी म्हशी, थोडी भातशेती. नशीब असं की वसतिगृहात आम्हा दोघींना खोली एकच मिळाली, त्यामुळे तिच्यावर जळायला मला कुठं लांब जावं लागलं नाही.

मी ठरवून आले होते की आपण अभ्यास करायचा, बाकी काही करायचं नाही. गॅदरिंग असलं की अभ्यासिका रिकामी मिळते, म्हणून मी तिथं जाऊन बसायची. पूनमनं मात्र पहिल्या महिन्यात कबड्डीच्या संघात नाव दिलं, श्रमदानाच्या शिबिरात नाव दिलं आणि पथनाट्यात तर सासूचं काम मिळवलं. गुडघा फुटलेला घेऊन प्रॅक्टिकलला यायची, सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायची आणि म्हणायची, "स्नेहल, ह्यो पेशीतला ठिपका हालतोय बघ." माझ्या स्लाइडवर तसाच ठिपका असायचा. मी तो वहीत काढलेला असायचा, नावही दिलेलं असायचं. तो हालतोय हे काही मी बघितलेलं नसायचं.

गुण माझे जास्त. प्रत्येक सत्रात माझे जास्त. जर्नल माझं इतकं नेटकं की पुढच्या वर्षीच्या मुली झेरॉक्स काढून न्यायच्या. तरी प्राणिशास्त्राच्या शेवडे मॅडम वर्गात आल्या की त्यांची नजर आधी पूनमला शोधायची. ती नसली की विचारायच्या, "आज कबड्डी का नाटक?" मी गैरहजर राहिले असते तर त्यांनी काय विचारलं असतं, कोण जाणे. मी कधी गैरहजर राहिलेच नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. पहिल्या महिन्यात मी न्हाणीघरात नळ सोडून 'आहे', 'नाही', 'होय' म्हणायचा सराव केला होता. गावचं बोलणं मी पेटीतच ठेवलं होतं. पूनम सेमिनारला उभी राहिली तरी, "मॅडम, ह्यात एक अडचण हाय," असं म्हणायची आणि मॅडम मान डोलवायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "तुला असं बोलायची लाज नाही वाटत?" ती खरोखर बुचकळ्यात पडली. "कशाची? मॅडमला कळतंय की."

दुसऱ्या वर्षी तिचा रसायनशास्त्राचा विषय राहिला. मी तिला माझ्या नोट्स दिल्या, धीर दिला, मेसमध्ये तिचं ताट वाढून आणलं. आतून मात्र मला इतका आनंद झाला होता की माझं मलाच कसंतरी झालं. तिनं नोट्स घेतल्या, दोन पानं वाचली आणि म्हणाली, "अक्षर लय भारी हाय तुझं." बाकी काही नाही.

तिसऱ्या वर्षी संशोधनाचं सुरू झालं. शेवडे मॅडमनी विभागात फळमाश्या पाळल्या होत्या. पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात त्या बारीक माश्या. त्यांची पिढी पंधरवड्यात होते, म्हणून प्रयोगाला सोयीच्या. मॅडमनी सांगितलं की विभागातून एकच प्रकल्प संशोधन स्पर्धेच्या सांगलीच्या फेरीला जाईल आणि ज्या मुलीचा प्रकल्प जाईल तिचं नाव पुण्याच्या एका संशोधन संस्थेला उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी कळवलं जाईल. जागा एकच.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी आण्णांना फोनवर सांगून टाकलं आणि आण्णांनी गुऱ्हाळावर सगळ्यांना सांगून टाकलं की, आमची पोरगी पुण्याला शास्त्रज्ञांत जाणार. आता न जाणं शक्य नव्हतं.

माझा विषय कडुनिंबाचा अर्क आणि माश्यांची पैदास. नेटका, सुरक्षित, आधी बऱ्याच जणांनी केलेला. पूनमचा विषय कुणीच केलेला नव्हता. तिला बघायचं होतं की तिच्या डोंगरातली माशी थंडी जास्त सोसते की, तिच्याच शब्दांत, "कॉलेजातली ही लाडावल्याली माशी." त्यासाठी तिनं जूनमध्ये घरच्या परसात फणसाचे गरे घातलेल्या बाटल्या टांगल्या आणि पावसाळाभर दर रविवारी माश्या धरून त्या बाटल्या मांडीवर घेऊन एसटीनं साताऱ्याला आणल्या. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" ही म्हणाली, "माश्या." "विकायच्या?" "न्हाई वं, शिकायच्या." हा किस्सा तिनं मॅडमना सांगितला आणि मॅडम टेबल धरून हसल्या. मी कडुनिंबाचा पाला वाटत होते.

माश्यांचं खाणं आम्ही पाळीपाळीनं शिजवायचो. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला आगर. शिजताना वास थेट शिऱ्याचा येतो. डिसेंबरात विभागातला गूळ संपला. प्रयोगशाळेतले नाना पिशवी घेऊन दुकानाला निघाले, तेव्हा मी म्हटलं, "थांबा नाना, गूळ माझ्या घरून येईल." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला विभागाला काहीतरी देता येणार होतं, जे पूनमकडं नव्हतं.

आण्णा स्वतः आले. पांढऱ्या धडप्यात बांधलेली छोटी ढेप डोक्यावर, आणि प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभे. ढेप सोडली तर मॅडमही म्हणाल्या, "अहो, किती सुंदर रंग!" आण्णांची छाती फुगली. माझीही. पूनम पुढं झाली, बोटानं गुळाची कड खरवडली, तोंडात टाकली.

"आण्णा, येवढा पिवळा कसा वं?"

"हाताचा गुण हाय, बाय," आण्णा हसले.

मग ती त्यांना घेऊन पायरीवर बसली. पाक आला हे कसं कळतं, किती वेळ ढवळायचा, मळी वर यायला रानभेंडीचं पाणी कसं घालतात, सगळं विचारलं. आण्णा तासभर बोलत होते. तोवर मी त्यांच्यासाठी कॅन्टीनमधून चहा आणला, तो निवला. जाताना ते म्हणाले, "तुझी मैतरीण लय हुशार हाय गं. किती इचारती!" मी कधी त्यांना पाकाबद्दल विचारलं नव्हतं. माझ्या बापाला सुद्धा तिनं एका तासात खिशात घातलं.

त्यानंतर ती आठ दिवस युवक महोत्सवाला गेली. तिच्या माश्या मॅडमनी माझ्या ताब्यात दिल्या, कारण नेटकी मीच. मी नवीन गुळाचं खाणं शिजवलं, तिच्या सगळ्या माश्या नव्या बाटल्यांत घातल्या आणि जुन्या बाटल्या उकळत्या पाण्यानं धुऊन पालथ्या घातल्या. पूनमला जुन्या बाटल्या खिडकीत तशाच ठेवायची सवय होती. "असू दे, त्यातनंबी निघत्यात की," म्हणायची. मला तो पसारा सहन होत नसे. माझ्या कडुनिंबाच्या बाटल्या मात्र आधीच्या गुळावर लागलेल्या होत्या, त्या चालू राहिल्या.

ती परत आली तेव्हा तिच्या बाटल्यांत काही उरलं नव्हतं. अंडी घातलेली होती, अळ्या निघाल्या होत्या, पण दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या राहून तिथंच मेलेल्या. अंडी घालणाऱ्या माश्याही मेलेल्या. पावसाळाभराची मेहनत गेली, आणि आता थंडीत डोंगरात माशी मिळणार नव्हती. माझ्या बाटल्या शेजारीच, माश्यांनी भरलेल्या.

पूनम बराच वेळ एकेक बाटली उजेडाला धरून बघत होती. मी म्हटलं, "मी सगळं नीट केलं होतं गं." ती म्हणाली, "व्हय. दिसतंय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

वसतिगृहात कुजबुज झाली. जिन्यावरून वर येताना मी एका मुलीला बोलताना ऐकलं, "स्नेहलनंच मारल्या असणार. जळकी आहे ती." आणि पूनमचा आवाज, "कशावरनं म्हणतीस? तू बघितलंस?" मी जिन्यात उभी राहिले. मी माश्या मारल्या नव्हत्या. पण त्या मेल्याचं कळल्याक्षणी माझ्या मनात पहिला विचार पुण्याचा आला होता, हे कुणी बघितलं नव्हतं. जिनं बघायला हवं होतं तीच माझी बाजू घेत होती आणि त्याचाही मला राग आला.

जानेवारीत मी कडुनिंबाची दुसरी फेरी लावली, यावेळी नव्या गुळावर. अशा प्रयोगात काही बाटल्या अर्काशिवाय, साध्या ठेवायच्या असतात, तुलनेला. एका शुक्रवारी बघते तर अर्काच्याही मेलेल्या आणि साध्या बाटल्यांतल्याही मेलेल्या. कडुनिंबाचा काही संबंधच नव्हता. बदललं होतं ते एकच. मी कपाट उघडलं. आण्णांची ढेप अर्धी उरली होती, तशीच पिवळीधमक.

शनिवारी मी गावी गेले. आण्णा काहिलीवर होते. मी वाफेत उभी राहून विचारलं, "आण्णा, गुळाला ती पांढरी पावडर टाकता न्हवं, रंगासाठी? माझ्या ढेपीला किती टाकली हुती?"

"तुझ्या कालेजात जायाचा म्हणून रोजच्यापरीस मूठभर जादाच टाकली की. का गं? मॅडम काय म्हणाल्या? रंग बघितला का न्हाई त्यांनी?"

मी म्हटलं, "बघितला. लय आवडला."

येताना गाडीत मी दुसरं काही ठरवू शकले नाही. बोलायचं नाही, एवढंच ठरलं. दुकानातला गूळ आणून दुसरी फेरी पुन्हा लावायची. पूनमच्या माश्या परत येणार नव्हत्याच. मी बोलले तर काय होणार होतं? ज्या हाताचा आम्ही आयुष्यभर अभिमान बाळगला, त्या हाताचा गूळ अळी मारतो, असं विभागात लिहिलं जाणार होतं.

सोमवारी सकाळी मॅडमनी मला बोलावलं. "पूनमचं काम आता उभं राहत नाही. तुझी पहिली फेरी चांगली आहे. तुझं नाव पाठवते." मी म्हटलं, "हो, मॅडम." दुपारपर्यंत मी जमिनीवर नव्हते. वहीच्या शेवटच्या पानावर मी 'पुणे' असं चार वेळा लिहिलं.

दुपारी प्रयोगशाळेत गेले तर पूनम खिडकीशी बसलेली. पुढ्यात सहा बारक्या बाटल्या. तिच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात तीन बाटल्यांवर लिहिलं होतं 'दुकान' आणि बाकीच्या तीन बाटल्यांवर 'आण्णा'. विभागाच्या माश्या घेऊन तिनं लावल्या होत्या. तळवा आकड्यांनी भरलेला.

मी दारातच थबकले. "तुला कवा कळलं?" माझ्या तोंडून घरचाच शब्द निघाला.

"पंधरा दिस झालं. तुझ्या बाटल्या जुन्या गुळावर जगल्या, माझ्या नव्यावर मेल्या. म्हटलं, गूळ बघूया."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा झालंय नुसतं. ही तिसरी खेप. बघून सांगणार हाय."

मला वाटलं होतं ती माझ्यावर दया करून गप्प आहे. तसं काही नव्हतं. तिला फक्त तिसरी खेप हवी होती. तिच्यावर इतकं जळायला मला आधी कधीच झालं नव्हतं. मला दोन दिवस झोप लागली नव्हती, आणि ही शांतपणे अळ्या मोजत होती.

"मॅडमना सांगणार?"

"व्हय. का, नको?"

"आण्णांचं नाव येईल त्यात."

"आण्णांचं कुठं? गुळाचं सांगणार की."

"आमच्या घरी गूळ म्हणजे आण्णाच, पूनम."

ती मोजायची थांबली. बाटली खाली ठेवली. म्हणाली, "मग तू सांग जा. तू सांगणार असशील तर मी काय बोलत न्हाई. पर सांगितलंच पायजे गं. बाटली काय म्हणतीया ते आपल्याला दिसलंय न्हवं?"

मी गेले. मॅडमना सगळं सांगितलं. साध्या बाटल्यांचं, ढेपीचं, मूठभर जादा पावडरीचं. मॅडमनी चष्मा काढला. "हे तुला आज सकाळी माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"मला पुण्याला जायचं होतं, मॅडम."

त्यांनी टेबलावरच्या कागदावरचं माझं नाव खोडलं आणि त्याच ओळीत पूनमचं लिहिलं. मग म्हणाल्या, "गुळाचंच काम आता दोघी मिळून करा आणि सांगलीला दोघी जा. पुण्याला मात्र ती जाईल." मला ते बरोबर वाटलं. बरोबर वाटून सुद्धा जळणं काही थांबलं नाही.

बाहेर आले. पूनमनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, पण काही विचारलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. म्हणाली, "चल, बाटल्या धुवायच्या हायत."

आण्णांना मी फोन केला. घरच्या बोलीत सरळ सांगितलं, "आण्णा, तुमच्या गुळानं माश्या मेल्या." पलीकडून काहिलीचा खदखद आवाज येत होता.

"किती?"

"सगळ्या."

त्यांनी कुणाला तरी जाळ कमी करायला सांगितलं. मग म्हणाले, "पावडर जादा पडली हुती व्हय. बिनपावडरचा दिला तर?"

मालकाशी वाद घालून त्यांनी एक काहील नुसत्या भेंडीच्या पाण्यावर उतरवली. व्यापाऱ्यानं ती बाजूला काढली. त्यातली एक ढेप घेऊन आण्णा पुन्हा साताऱ्याला आले. गूळ तपकिरी, काळपट, आमच्या घरात असायचा तसलाच. यावेळी त्यांनी धडपा स्वतः सोडला नाही. पूनमच्या हातात देऊन म्हणाले, "ह्यो बी घालून बघा." पूनमनं खडा तोंडात टाकला. "आण्णा, ह्यो लय गोड हाय वं." आण्णा मान खाली घालून हसले.

फेब्रुवारीत त्या तपकिरी गुळाच्या बाटल्यांच्या काचा आतून कोशांनी भरून गेल्या. मग त्याच तपकिरी गुळात आम्ही पावडर जास्त-कमी घालून बघितली. मात्रा वाढली की अळ्या खुंटत होत्या. ते काम पूनमनं आखलं. मोजणी दोघींनी केली. तक्ते मी काढले. कबड्डीचा सामना असेल त्या दिवशी तिच्या बाटल्याही मी बघायची, आणि आता जुन्या बाटल्या धूत नसे.

सांगलीच्या फेरीत मोठ्या सभागृहात आमचं भित्तिपत्रक लागलं. दोन नावं, आधी तिचं. मी आठ दिवस प्रमाण भाषेत पाठांतर केलं होतं. परीक्षक आले आणि पूनमनं तिच्या बोलीत सुरुवात केली. "सर, आधी माझ्या माश्या मेल्या, तिथनं सांगते." परीक्षक खुर्ची ओढून बसलेच. मी शेजारी उभी राहून ते बघत होते आणि माझं पाठांतर वाया जात होतं.

तेवढ्यात दुसरे एक परीक्षक म्हणाले, "हा पहिला नमुना कुठून घेतला? यात रसायन फारच दिसतंय. कुणाचा आहे हा गूळ?"

पूनम थांबली. तीन वर्षांत तिला प्रश्न विचारला आणि ती बोलली नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. ती 'बाजारातला' म्हणू शकली असती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एक पाऊल मागं सरकली.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांचा, सर. ते गुळव्या आहेत. रंग चांगला दिसावा म्हणून त्यांनी मुद्दाम जास्त पावडर घातली होती, कारण तो माझ्या कॉलेजात यायचा होता. आणि हा शेवटचा नमुना, ज्यात सगळ्या अळ्या जगल्या, तोही त्यांचाच. भेंडीच्या पाण्यावर केलेला." परीक्षकांनी मग भेंडीबद्दल विचारलं, पाकाबद्दल विचारलं. पूनमनं पायरीवर आण्णांशी मारलेल्या तासभराच्या गप्पांमुळं मलाही ते आता माहीत झालं होतं. मी सांगत राहिले. मान खाली गेली नाही.

परीक्षा संपल्यावर मी तिला सातारच्या स्टँडवर सोडायला गेले. ती घरी जाऊन तिथून पुण्याला जाणार होती. पाटणची गाडी लागायची होती. मी म्हटलं, "पूनम, एक सांगू? तीन वर्षं मी तुझ्यावर जळले."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "रसायनात माझा विषय राहिला त्या दिवशी तू मेसमधी दोनदा भात घेतलास. एरवी अर्धी भाकरी टाकतीस."

मी लाजेनं हसले. ती पण हसली. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, मला पण तुझा हेवा वाटायचा, तुझ्या गुणांचा, तुझ्या अक्षराचा. ती म्हणाली नाही. तिला वाटलाच नसणार, आणि न वाटलेलं बोलायची तिला सवय नव्हती. गाडी लागली. खिडकीशी जागा धरून तिनं हात बाहेर काढला आणि ओरडली, "तपकिरी गूळ पाठीव गं, आण्णांना सांग!"

ती आता बंगळुरात पीएच.डी. करते. अधूनमधून तिचा फोन येतो, नव्या कामाचं काहीतरी सांगते आणि मी ऐकते. फोन ठेवला की अजूनही पोटात दुखतं, पूर्वीइतकं नाही.

त्या वर्षी सांगलीत आमच्या कामाला दुसरा क्रमांक मिळाला. बी.एस्सी.ला मी विभागात पहिली आले, मग एम.एस्सी. झाले, आणि आज सांगलीत अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्यामागून दोघी बहिणीही पदवीधर झाल्या.